आहेराची वही

लग्नकार्य आटोपते, मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गावी परततात. आणि मग घरातील कर्ता पुरुष एक वही घेऊन बसतो. अमक्याने एकशे एक रुपये दिले, तमक्याने भांडे आणले, मामाने नवरीला साडी व वरमायला लुगडे केले, अशी नोंद तीत ओळीने होते. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव हे सेनगाव तालुक्यातील गाव. तेथे काय किंवा मराठवाड्यातील इतर गावी काय, पुष्कळ शेतकरी घरांतून ही वही जमिनीच्या कागदांशेजारी जपून ठेवलेली असते.

अलीकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ छापली जाऊ लागली आहे, आणि त्या ओळीने एकाच घरात दोन पक्ष उभे राहतात.

शिकून शहरात नोकरीस लागलेल्या नातवाचे म्हणणे असे की, आहेर ही भेट नव्हे, ते कर्ज होय. सोयाबीनला भाव नसो की पावसाने दगा दिलेला असो, वैशाखात एकामागून एक येणाऱ्या लग्नांस रिकाम्या हाताने जाता येत नाही. घेतले त्याहून थोडे अधिक परत करावे असा संकेत असल्याने आकडा चढतच राहतो. टॉवेल-टोप्या या घरातून त्या घरात फिरतात, त्या वापरीत कोणी नाही. त्यातच ध्वनिक्षेपकावरून नावानिशी रकमा पुकारल्या जातात, तेव्हा गरिबाने मान खाली घालावी एवढेच उरते. ही तक्रार आजची नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हा अल्प खर्चाचा साधा विवाह हा त्यांच्या कार्याचा एक भाग होता.

आजीचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. ज्यांच्या दाराशी पेढी कधी आली नाही, त्यांची पेढी ही वहीच होती. नांगरटीच्या वेळी शेजाऱ्यांनी आपले बैल घेऊन यावे, धन्याने सर्वांस जेवू घालावे आणि पुढे त्यांच्या हाकेस आपण जावे, ही इर्जिकीची जी रीत, तीच मांडवातील रीत. मरणाच्या घरी दुखवट्याचा आहेर जातो, तोही याच न्यायाने. तिने तीस वर्षे लोकांच्या लेकींना दिले. आता तिच्या घरच्या कार्यात नातू तो व्यवहार एका ओळीने मिटवू पाहतो. पगारदाराला नको म्हणणे परवडते. आणि एखादी विधवा खण-नारळ व अकरा रुपये घेऊन आली असता ते परत करणे, म्हणजे तू आमच्या बरोबरीची नव्हेस असे तिला सांगणे होय.

पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावरच्या चामोरो लोकांतही असाच वाद आढळतो. त्यांच्याकडे लग्न-मृत्यूप्रसंगी द्यावयाच्या व पुढे फेडावयाच्या मदतीस ‘चेंचुले’ म्हणतात. तिला कोणी आपल्या परस्परस्नेहाचा प्राण मानतात, तर कोणाला तिचे ओझे वाटते. समुद्रापलीकडच्या बेटावरही माणसाला हेच कोडे पडावे, यात नवल नाही.

१९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही मागणीवाचून दिलेल्या रूढ भेटी निषिद्ध ठरविल्या नाहीत. मात्र १९८५ च्या नियमांनी वधूवरांस मिळालेल्या भेटींची यादी ठेवावयास सांगितले. सक्ती आणि स्नेह यांतील सीमा कायद्यालाही सांभाळावी लागली, ती घराने का सांभाळू नये?

तेव्हा पत्रिकेवर ती ओळ छापण्यापूर्वी नातवाने आजीची वही एकदा तिच्याशेजारी बसून वाचावी. ज्यांचे घेतले आहे त्यांचे आधी फेडावे. ज्यांच्याकडून येणे आहे, त्यांपैकी अडलेल्यांना मनोमन मोकळे करावे. परंतु कोणी आपण होऊन आणलेला खण-नारळ दोन्ही हातांनी घ्यावा. ध्वनिक्षेपकावरील पुकारा तर आजच बंद व्हावा. आणि घेण्याची गरज ज्याला उरली नाही, त्याने घेणे खुशाल थांबवावे. गावातील पुढच्या मांडवात, पुढच्या दुखवट्यात, त्याचे देणे मात्र चालू राहावे.