चेक इंजिनचा दिवा: पार्ट बदलण्याआधी दोन आकडे बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा मजकूर. आज आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे ऐकलेलं असलं तरी एकदा नजर टाका.

विषय आहे जुन्या स्पोर्टी गाडीतला तो नारिंगी दिवा. इंजिनाचं चित्र असलेला. चेक इंजिन लाइट.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. लाल दिवा आणि नारिंगी दिवा यांत फरक आहे. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "दादरपर्यंत जाऊ या" असं म्हणायचं नाही. नारिंगी दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घरी जायला हरकत नाही. पण तोच नारिंगी दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे. म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमध्ये जातंय आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय. कन्व्हर्टर त्या उष्णतेने वितळू शकतो. तेव्हा अॅक्सिलरेटर सोडा, गाडी थांबवा.

आज आपण बोलतोय स्थिर दिव्याबद्दल. सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात ते इथे.

हा दिवा आला कुठून? लॉस एंजेलिसच्या धुरकटातून कॅलिफोर्नियाने प्रदूषणाचे नियम कडक केले, आणि गाडीने स्वतःचं प्रदूषण स्वतः तपासावं असा नियम आला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं. त्याआधीच्या गाड्यांचं काय? काहींत सोळा पिनांचं सॉकेट आहे पण भाषा कंपनीची स्वतःची, काहींत सगळं नीट आहे. युरोपात पेट्रोल गाड्यांना हा नियम आधीच लागू झालेला असल्याने तिथल्या डिझाइनच्या बऱ्याच गाड्या बोलतात.

बोलायला लागतं एक डोंगल. लॅमिंग्टन रोडला ईएलएम३२७ विचारा, ब्लूटूथवाला. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. अगदी स्वस्तातल्या नकली डोंगलमध्ये जुने प्रोटोकॉल गाळलेले असतात. जुन्या गाडीसाठी घेताना "के-लाइन चालते का" हे विचारूनच घ्या. स्टिअरिंगच्या खाली सॉकेटमध्ये लावायचं, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अॅप उघडायचं. झालं.

आता केस. परळच्या एका श्रोत्याने मेसेज केला: "दादा, बाबांची ऑक्टाविया आरएस आहे, जुनी. दिवा लागलाय. गॅरेजवाला अडतीस हजार सांगतोय. बाबा म्हणतात, भंगारात देऊन टाकू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टाविया २००१ पासून आपल्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला जोडली जायची. आरएस म्हणजे तिचं तिखट रूप. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. त्या काळात एवढ्या पैशात एवढी पळणारी गाडी शोधून सापडत नव्हती. काकांनी ती सेकंड हँड घेतली, स्वतः धुतली, पावसाळ्यात हिंदमाताचं पाणी टाळायला लांबून वळसा घालून चालवली. अशी गाडी एका कोटेशनवर भंगारात जाणार होती.

कोटेशनमध्ये होतं काय? पुढचा ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कारण स्कॅनरवर कोड आला होता पी०१७१.

हा कोड वाचायला शिकू. पी म्हणजे पॉवरट्रेन, इंजिन-गिअरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. त्यापुढचा एक म्हणजे इंधन आणि हवेचा विभाग. पी०१७१ चा अर्थ: मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. बस. "सेन्सर खराब आहे" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सेन्सरने फक्त निरोप आणलाय.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. एक्सेप्शन ज्या ओळीवर पकडला जातो, त्या ओळीत बग असतोच असं नाही. तो वरून कुठून तरी वाहत आलेला असतो. तुम्ही ती ओळ डिलीट केलीत तर एरर दिसायची थांबेल, बग तसाच राहील. आणि "कोड क्लिअर करून देतो, बघा दिवा गेला" म्हणजे तर लॉग पुसणं! कोडसोबत गाडी एक फ्रीज फ्रेम साठवते: दिवा लागला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती. क्लिअर केलं की तेही जातं. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग बाकी सगळं.

मी रविवारी सकाळी गेलो. फ्रीज फ्रेम सांगत होती: इंजिन गरम, गाडी आयडलवर. म्हणजे सिग्नलला उभी असताना दिवा लागला होता. पळताना नाही. हा पहिला धागा.

दुसरा धागा फ्यूएल ट्रिम. ईसीयूकडे एक तक्ता असतो: एवढी हवा आली की एवढं पेट्रोल सोडायचं. मग ऑक्सिजन सेन्सर सांगतो की जळल्यावर किती ऑक्सिजन उरला. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेली. दोन्हींची बेरीज बघायची. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम. लाँग टर्म वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली की साधारण पी०१७१ लागतो. मर्यादा गाडीगाडीनुसार थोडी वेगळी.

आता आजच्या काळातली खास गोष्ट ऐका. पंपावर आता जे पेट्रोल मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाचा हिशेब येतो साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, सात-आठ टक्के. काकांच्या गाडीचा तक्ता वीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी लिहिलेला. काहीही बिघडलेलं नसताना तिची ट्रिम अधिक सात-आठ दाखवणार. हा बिघाड नाही. पण पंचवीसमधले आठ आधीच खर्च झाले. पूर्वी जी बारीक गळती दिवा न लावता खपून जायची, ती आता दिवा लावते. जुन्या गाड्यांत "अचानक दिवा लागला" असं आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं अचानक नसतं.

आकडे घेतले. आयडलवर अधिक २३. न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमवर अधिक १०.

इथेच खरं निदान आहे. आयडलवर इंजिन फार थोडी हवा घेतं, त्यामुळे कुठूनतरी चोरवाटेने शिरलेली हवा तिथे मोठी दिसते. आरपीएम वाढले की तीच गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ होते. म्हणून आयडलला जास्त आणि वर कमी असेल तर व्हॅक्यूम लीक. उलट, आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी मोजतोय. मग पंप, फिल्टर, मास एअरफ्लो सेन्सर तपासा. दोन्हीकडे सारखं आठच्या आसपास असेल तर ते ई२० आहे, गप्प बसा.

आमच्याकडे व्हॅक्यूम लीक. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या खाली ब्रीदरचे रबरी पाईप असतात. ऑइलची वाफ आणि उष्णता वीस वर्षं खाऊन रबर मऊ पडतं, चिरतं. यात कोणाचा दोष नाही, वय आहे. ई२० नेच ते फाटलं असंही मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही.

बोट फिरवलं, एक पाईप चिकट लागला. इंजिन चालू ठेवून, बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब ठेवून, तो मॅनिफोल्डच्या बाजूला दाबून धरला. फोनवर शॉर्ट टर्म ट्रिम लगेच खाली आली. सोडला, परत वर. या एका चाचणीने दोन गोष्टी सिद्ध झाल्या: गळती इथेच आहे, आणि ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे. मेलेला सेन्सर इतक्या चटकन उत्तर देत नाही. कन्व्हर्टरवर तर एकही कोड नव्हता.

एक सूचना. इंटरनेटवर लोक गळती शोधायला उदबत्तीचा धूर किंवा कार्ब क्लीनरचा फवारा वापरतात. बॉनेटखाली पेट्रोलची लाइन आणि तापलेला एक्झॉस्ट आहे, हे नको. पाईप सापडत नसेल तर ज्या गॅरेजमध्ये स्मोक मशीन आहे तिथे जा.

पाईप आणि दोन क्लॅम्प बदलले. मजुरी धरून दोन हजारांच्या आत. आठवडाभर गाडी चालवल्यावर श्रोत्याने स्क्रीनशॉट पाठवला: आयडलला ९, वर ८. दिवा बंद.

गॅरेजवाले सगळे चोर असतात असा याचा अर्थ काढू नका. लालबाग-परळमध्ये नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे मेकॅनिक आहेत. पण कोड वाचून पार्ट सांगणं हे निदान नाही, आणि जुन्या गाडीच्या मालकाला ते महाग पडतं. पंधरा वर्षांपुढच्या कारच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. वर फिटनेस, वर ग्रीन टॅक्स. अशा गाडीवर आधीच "ठेवू की काढू" हा प्रश्न टांगलेला असतो. त्यात एक चुकीचं कोटेशन आलं की चांगली गाडी भंगारात जाते.

तर लक्षात काय ठेवायचं? दिवा लुकलुकतोय का ते बघा. कोड आणि फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा. इंजिन गरम झाल्यावर आयडल आणि २५००, दोन्हीकडची ट्रिम लिहून घ्या. मग मेकॅनिककडे जा आणि एकच प्रश्न विचारा: "हा पार्ट खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" चांगला मेकॅनिक चिडणार नाही, उलट खूश होऊन बॉनेट उघडेल.

तुमच्या गाडीचे आकडे पाठवा, मॉडेल आणि साल लिहून. पुढच्या भागात त्यातले काही सोडवू. भेटू, काळजी घ्या!