एका युनिटाने माझी साखर किती उतरते?

(वाटूर येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



मास्तराने आपली चूक वर्गासमोर सांगू नये म्हणतात. पण माझी ही चूक जिवावर बेतली होती. म्हणून सांगतो.

मला साखरेचा आजार आहे. पुष्कळ वर्षे गोळ्यांवर भागले. पुढे डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. सकाळी जेवणाआधी 12 युनिट, दुपारी 10, संध्याकाळी 12. हे पाण्यासारखे स्वच्छ असते आणि लवकर काम करते. रात्री दुसरे, दिवसभर पुरणारे, 16 युनिट. सगळे मिळून दिवसाला 50 युनिट झाले.

आमच्या शेजारच्या आबांनाही हाच आजार. आबा काटकुळे. मी त्यांच्याहून चांगला भरलेला. एके सकाळी माझी साखर जरा जास्त आली. आबा म्हणाले, "मास्तर, मी सकाळी 20 घेतो. तुम्ही एवढे धिप्पाड, अन् 12 वर कसं भागेल?" मला ते पटले. बारीक माणसाला 20 लागतात, तर मला सोसतीलच. मी 20 टोचले, अर्धी भाकरी खाल्ली आणि मोसंबीच्या बागेत गेलो.

दोन तासांनी हात कापू लागले. अंगाला दरदरून घाम. डोळ्यांपुढे अंधारी. मुलाने हाक मारली तर मला त्याचे नाव आठवेना! त्याने घरी आणून बोटाची साखर तपासली. 42. सूनबाईने तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, पुन्हा पाजली. मग मी माणसात आलो. मी शुद्धीवर होतो म्हणून पाजता आले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. त्याला तसेच गाडीत घालून दवाखाना गाठा.

आता हे झाले कशाने? आपण भाकरी खातो. तिची साखर होऊन रक्तात येते. रक्तातून ती अंगात जायला इन्सुलिन लागते. असे समजा, इन्सुलिन दारावर थाप मारते. एका घरचे दार एका थापेत उघडते, दुसऱ्या घरी दोनदा मारावी लागते. माझे दार लवकर उघडते, आबांचे उशिरा.

पण बारीक माणसाचे दार उशिरा का उघडावे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर पुष्कळ काम केले आहे. 2004 साली त्यांचा आणि इंग्लंडच्या एका डॉक्टरांचा फोटो एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही बारीक. उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी शंभरात 9 भाग, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21 भाग. आपल्याकडची माणसे वरून बारीक दिसतात, पण आत चरबी असते. पोटातली चरबी इन्सुलिनला आडवी येते. म्हणून देह पाहून युनिट ठरवू नये. मी तेच केले होते.

मग कशावरून ठरवावे? हिशेबावरून. 1500 ला आपल्या दिवसाच्या एकूण युनिटांनी भागा. माझे 50. 1500 भागिले 50, म्हणजे 30. एक युनिट माझी साखर सुमारे 30 ने उतरवते. आबांचे दिवसाचे 75. 1500 भागिले 75, म्हणजे 20. आता माझी चूक मोजा. मी 8 युनिट जास्त घेतले. 8 गुणिले 30, म्हणजे 240! त्यात अर्धीच भाकरी आणि बागेतले काम. जीव वाचला हेच नवल.

हा झाला अंदाज. तो आपल्या अंगावर ताडून पाहावा लागतो. युनिट हे माप सुरुवातीला कशावरून ठरवले, ठाऊक आहे? उपाशी सशाची साखर किती उतरते यावरून! कॅनडातल्या टोरांटो गावी 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका आजारी पोराला हे औषध पहिल्यांदा टोचले. त्या काळची ही गोष्ट. ससा काही आपल्या घरचा नव्हे.

ताडा कसा पाहायचा ते ऐका. आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तरच करा, आणि युनिट त्यांनीच सांगावेत. दिवसा करायचे, रात्री नाही. खाऊन आणि टोचून पाच तास होऊ द्या. साखर तपासा. समजा 260 आली. डॉक्टरांनी सांगितलेले 4 युनिट टोचले. पाच तास काही खायचे नाही, शेतात जायचे नाही. खिशात साखरेची पुडी ठेवायची. हात कापले किंवा साखर 70 च्या खाली गेली तर ताडा सोडा, साखर खा. पाच तासांनी 140 आली. 260 वजा 140, उरले 120. भागिले 4, आले 30. असे तीन वेगळे दिवस करा. ताप असेल तो दिवस मोजू नका, तापात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. कापूस वेचणीचा दिवसही मोजू नका, कष्टाने जोर वाढतो, कधी रात्रीपर्यंत टिकतो.

दुधासारखे गढूळ, मिसळीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः लावू नये. त्याचा परिणाम लांबत जातो. त्यांनी वही लिहून डॉक्टरांना दाखवावी.

आणखी एक. बाटलीवरचा आकडा वाचा. 40 लिहिले असेल तर सिरिंजही 40 ची, लाल टोपीची. 100 ची सिरिंज नारिंगी टोपीची. 100 चे औषध 40 च्या सिरिंजने घेतले तर अडीचपट अंगात जाते. दुकानदार घाईत असतो. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, तुम्ही वाचा.

आबा गेल्या हिवाळ्यात याच वर्गात अंक शिकले. त्यांनी वही आखली. तारीख, वेळ, साखर, युनिट, आणि शेवटी त्या दिवशी काय काम केले ते. भागाकार पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा 20 आला. डॉक्टरांनी ती वही पाहिली, आणि वेचणीच्या दिवसांत त्यांचे संध्याकाळचे 4 युनिट कमी केले. वही आज आबांनी सोबत आणली आहे. ज्यांना आखून हवी, त्यांनी पट्टी-पेन्सिल घेऊन पुढे या.