चर्चच्या वहीतील पूर्वज : मेक्सिकोतील वंशशोधाची एक वाट
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बहुधा ग्रंथांविषयी बोलले जाते. मी मात्र आज अशा वह्यांविषयी बोलणार आहे, की ज्या कोणी वाचनासाठी लिहिल्या नाहीत, ज्यांना लेखक असूनही नाव नाही, आणि तरीही ज्यांच्यासाठी माणसे आयुष्याची दहा-दहा वर्षे खर्ची घालतात. मेक्सिकोतील जुन्या कॅथलिक चर्चांतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या या नोंदवह्या. मेक्सिकोतील, किंवा तेथून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या, एखाद्या कुटुंबाला आपला खापरपणजा कोण होता हे शोधायचे असेल, तर त्याला शेवटी या वह्यांच्याच दारी यावे लागते.

गोव्यात बसून मेक्सिकोची चर्चा कशाला, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. पण एक जुनी घटना आठवून पाहावी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया होता, आणि मेक्सिको शहरात जन्मलेला फेलिपे दे हेसूसही होता. दोघांनाही १८६२ साली एकाच वेळी संतपद मिळाले. वसईचा एक मुलगा आणि मेक्सिकोचा एक मुलगा नागासाकीच्या टेकडीवर एकत्र येतात, ते ज्या धर्मसंस्थेच्या जाळ्यामुळे, त्याच जाळ्याने मेक्सिकोतही आणि आपल्या गोव्यातही एकाच पद्धतीच्या वह्या लिहून घेतल्या. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने आज्ञा केली, की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे आपण ज्याला कोकणीत फिर्गज म्हणतो त्या धर्मग्रामाच्या, पाद्रीने विवाहांची वही ठेवावी व बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून घ्यावीत. हेतू वंशवेलीचा नव्हता. गुप्त विवाह थांबावेत, आणि नात्यात विवाह होऊ नयेत, एवढाच हेतू होता. वंशशोधकाला मिळालेले धन हे या खबरदारीचे उपफळ आहे.

मेक्सिको शहरात तर या आज्ञेच्या आधीपासूनच वही होती. तेथील मुख्य चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३६ पासून मिळतात. स्पॅनिश सेनेने ते शहर जिंकले १५२१ मध्ये. म्हणजे विजयानंतर अवघ्या पंधरा वर्षांत लेखणी सुरू झाली. खेड्यापाड्यांतील वह्या पुष्कळ नंतरच्या, आणि त्यांतही मधली मधली पाने गेलेली.

या वहीत असते तरी काय? एक प्रसिद्ध नोंद घेऊ. २२ मार्च १८०६ रोजी ओआहाका प्रांतातील सांतो तोमास इश्तलान येथील चर्चमध्ये एका अर्भकाचा बाप्तिस्मा झाला. नाव बेनितो पाब्लो. आदल्या दिवशी जन्म झाला तो संत बेनेडिक्टचा सण, म्हणून बेनितो. वडील मार्सेलिनो ह्वारेस, आई ब्रिखिदा गार्सिया, दोघेही गेलाताओ गावचे ‘इंदियो’, म्हणजे मूलनिवासी. पुढे वडिलांकडचे आजी-आजोबा पेद्रो ह्वारेस व हुस्ता लोपेस, आईकडचे पाब्लो गार्सिया व मारिया गार्सिया, आणि धर्ममाता आपोलोनिया गार्सिया. चार-पाच ओळींत तीन पिढ्या आल्या! हेच बालक तिसऱ्या वर्षी पोरके झाले आणि पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो ह्वारेस म्हणून इतिहासात गेले. ज्याला आईबापांची आठवणही उरली नसेल, त्याच्या आजीचे नाव पाद्रीच्या वहीने जपले. गंमत अशी, की २८ जुलै १८५९ रोजी जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद चर्चकडून काढून सरकारकडे सोपविणारा कायदा याच ह्वारेस यांनी केला. लोकांनी मात्र तो लगेच मनावर घेतला नाही. पुढे कित्येक वर्षे खेड्यातील माणूस मूल घेऊन चर्चमध्ये जाई, सरकारी कचेरीत जात नसे. म्हणून १८५९ नंतरच्या काळासाठीही जाणता शोधक दोन्ही वह्या पाहतो.

आता येथे थोडे थांबून आपल्याकडे पाहू. त्र्यंबकेश्वरी किंवा गयेस आपण गेलो, तर तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि पणजोबांची सही दाखवितात. ती वही मोठीच आहे. पण तीत मुख्यतः पुरुषांची साखळी असते, आणि आईचे माहेर शोधायला गेलो की हात रिकामे राहतात. स्पॅनिश रीतीत स्त्री लग्नानंतरही माहेरचे आडनाव टाकीत नाही. त्यामुळे मेक्सिकोच्या वहीत पणजीचेही घर सापडते, आणि पणजीच्या आईचेही. शोधकाची वाट प्रत्येक पिढीला दुभंगत जाते, आणि एकही फाटा वहीने बंद केलेला नसतो, निदान ज्यांना आडनाव होते त्यांच्यासाठी तरी. या ‘निदान’कडे मी पुढे येणार आहे.

जाणते शोधक सांगतात, की बाप्तिस्म्यापेक्षा विवाहाच्या कागदांना अधिक जपावे. लग्नाआधी वधूवरांची चौकशी होई. ते मूळचे कोणत्या गावचे, येथे किती वर्षे राहिले, विधुर असल्यास पहिली पत्नी कोठे पुरली, हे सारे लिहिले जाई. साक्षीदार येत, आपले वय व धंदा सांगत. तीन सणावारी चर्चमध्ये जाहीर घोषणा होई, की कोणाला हरकत असेल तर सांगावी. आणि वधूवर एकमेकांच्या नात्यातले निघाले, तर खरी मौज. चौथ्या पिढीपर्यंतचे नाते निषिद्ध होते. आपल्याकडे सपिंडाचा विचार करतात तसेच हे, मोजण्याची तऱ्हा वेगळी. मग बिशपकडे सूट मागावी लागे, आणि ती मागताना आपण कोणत्या समाईक पूर्वजापासून कसे आलो, हे नावानिशी मांडून दाखवावे लागे. हालिस्को प्रांताच्या उंच पठारावरील गुरे पाळणाऱ्या वस्त्या लहान, माणसे थोडी. नात्याबाहेर स्थळ मिळेना, असे कारण अर्जात पुन्हा पुन्हा येते. दोन तरुण जिवांनी लग्नासाठी केलेला तो अर्ज आज त्यांच्या सातव्या-आठव्या पिढीला तयार वंशवृक्ष देऊन जातो.

वाचताना मात्र डोळ्यांत तेल घालावे लागते. शाई कागद खाऊन गेलेली, कडा वाळवीने नेलेल्या. शिवाय पाद्रीला घाई. फ्रान्सिस्को हे नाव तो तीन अक्षरांत उरकतो, मारियाचे एक ‘म’ आणि वर एक ‘अ’. महिन्यांची तर खास फसवणूक आहे. आकडा ७ लिहून त्यापुढे ‘ब्रे’ लिहिले असेल, तर नवखा माणूस जुलै समजतो. प्रत्यक्षात तो सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये सप्टेंबर हा ‘सातवा’. आपल्याला हे समजायला जड नाही, ‘सप्त’ आपल्या कानाचेच आहे. मोडी वाचणाऱ्यांनी अशा लपंडावाचे पुष्कळ अनुभव घेतले असतील.

आता त्या वहीच्या दुखऱ्या बाजूकडे वळतो. अनेक चर्चांत वह्या एक नव्हे, अनेक होत्या. स्पॅनिशांची वेगळी, इंदियोंची वेगळी, आणि मिश्र रक्ताच्या लोकांची, म्हणजे ‘कास्तां’ची, वेगळी. हा कास्ता शब्द आपल्या ओळखीचा आहे. पोर्तुगीजांनी आपल्या जातींना तोच शब्द लावला, आणि इंग्रजीत तो जातीचा वाचक होऊन बसला. मेक्सिकोत त्याखाली मेस्तिसो, मुलातो, कोयोते, लोबो अशी नावांची उतरंड होती. त्यांतील शेवटची दोन चक्क जनावरांची नावे आहेत, कोल्ह्याच्या जातीचा एक प्राणी आणि लांडगा. तान्ह्या मुलाच्या कपाळी ही अक्षरे पाद्री लिही.

परंतु पाद्रीने लिहिले ते खरे, असे समजू नये. होसे मारिया मोरेलोस हे मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातील थोर सेनानी. त्यांचा बाप्तिस्मा ४ ऑक्टोबर १७६५ रोजी वायादोलिद येथे झाला. वहीत आईबाप ‘स्पॅनिश’ म्हणून नोंदलेले आहेत. आणि तरीही मोरेलोस यांच्या अंगी मिश्र रक्त होते, असे इतिहासकार सर्रास मानतात. एकच माणूस बाप्तिस्म्याला एका वर्गात, लग्नाला दुसऱ्या वर्गात आणि दफनाला तिसऱ्याच वर्गात नोंदलेला सापडतो. चार पैसे गाठीला आले, चांगले कपडे अंगावर आले, ओळखीचा पाद्री भेटला, की वही बदले. म्हणून आपला पूर्वज शुद्ध स्पॅनिश होता, एवढे सिद्ध करण्यासाठी जे या वह्यांकडे जातात, त्यांची मला थोडी कीव येते. वहीतून रक्त कळत नाही. शेजाऱ्यांनी त्या घराला काय मानले, ते कळते. ज्यांना स्पॅनिश म्हणून नोंदले गेले त्याच मोरेलोस यांनी १८१३ साली गुलामगिरी व जातिभेद कायमचे नष्ट व्हावेत अशी मागणी मांडली. १८१५ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. स्वतंत्र मेक्सिकोने १८२२ साली नोंदवह्यांत वंशाचा उल्लेख करण्यास बंदी केली, आणि १८२८ मध्ये त्यांच्या जन्मगावाला मोरेलिया हे नाव दिले.

मघाशी मी ‘निदान’ म्हणून एक शब्द मागे ठेवला होता. स्पॅनिश घराण्याचा वंशज मागे मागे जात सोळाव्या शतकापर्यंत पोचू शकतो. इंदियो कुटुंबाचा वंशज मात्र अठराव्या शतकाच्या दारातच अडतो, कारण तेथे आडनावच नसते. बापाचे नाव हुआन दिएगो, मुलाचे पेद्रो मार्तिन, सुनेचे मारिया माग्दालेना. आणि त्याच गावात मारिया माग्दालेना आणखी सहा. गुलामांची स्थिती याहून वाईट; त्यांच्या नावापुढे पुष्कळदा फक्त मालकाचे नाव. १५६५ ते १८१५ या काळात मनिलाहून आकापुल्कोला जाणाऱ्या जहाजांतून आशियातील माणसेही गुलाम म्हणून मेक्सिकोत उतरली. ती फिलिपिन्सची असोत, मलबारची असोत की बंगालची, वहीत साऱ्यांना एकच शब्द : ‘चिनो’. पुएब्ला शहरात १६८८ साली वारलेली कातारिना दे सान हुआन ही त्यांतलीच. आपण मोगलांच्या मुलखातून आलो असे ती सांगे, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. साध्वी म्हणून कीर्ती झाली, म्हणून तिचे मूळ आपल्याला ठाऊक. बाकीच्यांचा हिंदुस्थान त्या एका शब्दात बुडाला.

मग या लोकांच्या वंशजांनी वही मिटावी काय? नाही. येथे एक युक्ती कामी येते. एका माणसाचा शोध सोडून द्यायचा आणि साऱ्या वाडीची वही पहिल्या पानापासून वाचायची. सहा मारिया माग्दालेनांपैकी आपली कोणती, हे तिच्या मुलांच्या धर्ममातापित्यांवरून कळते. कारण एकाच घरचे लोक पुन्हा पुन्हा त्याच घरच्यांना धर्ममाता करतात. साक्षीला कोण उभे राहिले, कोण कोणत्या मळ्यावर राबत होते, हे जुळवीत जावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, महिनोन्महिने चालते, आणि ज्याचे पूर्वज गरीब त्यालाच ते करावे लागते. पण जो ते करतो त्याच्या हाती एक पूर्वज नव्हे, तर अख्खे गाव लागते.

गावाबरोबर त्याचे मरणही येते. १७३६ ते १७३९ या वर्षांत ‘मात्लासावात्ल’ नावाच्या साथीने मध्य मेक्सिको उजाड केला. १७७९-८० मध्ये देवी आल्या, १८३३ मध्ये पटकी. दफनाच्या वहीत अशा वर्षी ओळी आखूड होत जातात. वय नाही, आजार नाही, नुसती नावे. एरवीच्या नोंदींत एक ठरीव वाक्य भेटते : मृत्युपत्र केले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. एवढ्या एका वाक्यावर कितीतरी माणसांचा इतिहास संपलेला आहे.

या वह्या टिकल्या कशा, हेही सांगितले पाहिजे. १९२६ ते १९२९ या काळात सरकार व चर्च यांच्यात रक्तरंजित संघर्ष झाला. सार्वजनिक उपासना बंद पडली, पाद्री लपून घरोघरी बाप्तिस्मे देत. त्या वर्षांच्या नोंदी विस्कळीत आहेत, काही मागाहून उतरवलेल्या. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील यूटा राज्यातील मॉर्मन पंथाच्या वंशावळी संस्थेने मेक्सिकोभर फिरून या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. मृत पूर्वजांसाठी मागाहून बाप्तिस्मा घेण्याची त्या पंथाची श्रद्धा आहे. त्यासाठी पूर्वजांची नावे हवीत. कॅथलिक चर्चला हे रुचणे शक्य नव्हते, आणि २००८ साली व्हॅटिकनने बिशपांना कळविले, की अशा कामासाठी नोंदवह्या देऊ नयेत. तोवर मेक्सिकोच्या बहुतेक वह्या चित्रित होऊन गेल्या होत्या. आज त्या संगणकावर घरबसल्या पाहता येतात. धर्ममताचा वाद ज्याचा त्याने सोडवावा. पण त्यानंतर ज्या चर्चांत मूळ वही आगीत वा ओलीत गेली, तेथे तेवढे चित्रच उरले आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

शेवटी एका प्रकारच्या नोंदीविषयी सांगून थांबतो. काही ओळींत आईबापांच्या जागी ‘अज्ञात’ असते. पहाटे कोणाच्या तरी उंबऱ्यावर ठेवलेले मूल. पाद्री घरमालकाचे नाव लिहितो, वार लिहितो, त्या दिवशीच्या संताचे नाव मुलाला देतो, आणि धर्ममाता म्हणून पुष्कळदा त्याच घरातील बाई पुढे होते. वंशशोधकाची साखळी येथे तुटते. पण शोधक आता त्या बाईचे नाव आपल्या वंशवृक्षात लिहितात, असे दिसते. कोणी लिहितात कंसात, कोणी सरळ आईच्या जागी.