कामाचा चिखल, खेळाचा चिखल
(महिला संघटनांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहते, नोकरी करते आणि हिवाळ्यातल्या रविवारी चिखलात सायकलची शर्यत करते. वय ४६. बक्षीस कधी मिळालं नाही, मिळण्याची शक्यताही नाही. तरी हा विषय इथे मांडते आहे, कारण बाईचं शरीर, बाईचा वेळ आणि घरकाम हे आपले नेहमीचे प्रश्न या खेळात स्पष्ट दिसतात.

या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. सुरुवात फ्रान्समधली, तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. आज त्याचं सर्वांत जास्त वेड बेल्जियममध्ये आहे. हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ऐन पावसाथंडीचा. बागेत किंवा शेतात सुमारे तीन किलोमीटरचा फेरा आखतात. त्यात गवत, वाळू, चढ आणि भरपूर चिखल. वाटेत ४० सेंटिमीटर उंचीच्या आडव्या फळ्या असतात. तिथे उतरायचं, सायकल उचलून फळ्या ओलांडायच्या, परत बसायचं. चढ निसरडा असेल तर सायकल खांद्यावर घेऊन धावायचं. चिकट माती चाकात आणि ब्रेकमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. मोठ्या खेळाडूंची माणसं दुसरी सायकल धुऊन तयार ठेवतात. आम्हा हौशी बायकांकडे सायकल एकच. बोटांनी चिखल खरवडायचा आणि पुढे निघायचं.

बायकांना हे झेपतं का, असं मला इथेही विचारतात आणि तिथेही. तेव्हा मला कोकणातली भातलावणी आठवते. भर पावसात, चिखलात पाय रोवून, कमरेत वाकून बायका दिवसभर रोपं लावतात. तेव्हा त्यांच्या नाजूकपणाची काळजी कोणी करत नाही. कामाचा चिखल बाईला चालतो. तोच चिखल तिने स्वतःच्या आनंदासाठी अंगावर घेतला, की तिचं वय निघतं, आई असणं निघतं, लोक काय म्हणतील हे निघतं.

या खेळाच्या इतिहासातही हेच दिसतं. पुरुषांची अधिकृत जागतिक स्पर्धा १९५० साली सुरू झाली. बायकांची पहिली झाली २००० साली, नेदरलँड्समध्ये. जर्मनीची हांका कुप्फरनागेल ती जिंकली. मध्ये पन्नास वर्षं गेली! सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना ही स्पर्धा १९७९ साली मिळाली, त्याच वयाच्या मुलींना २०२० साली. संधी मिळाल्यावर बायकांनी काय केलं? नेदरलँड्सच्या मारियान फोसने आठ वेळा जगज्जेतेपद मिळवलं.

शर्यतीच्या वेळेचंही तसंच. पुरुष सुमारे ६० मिनिटं आणि बायका ४०, असा प्रघात बरीच वर्षं होता. आता बायकांची शर्यत ५० मिनिटांच्या आसपास असते. ऑलिंपिकमध्ये बायका १९८४ सालापासून पूर्ण मॅरेथॉन धावत आहेत. मग चिखलातलीच ही दहा मिनिटं त्यांना जड जातील, हे ठरवलं कोणी?

हौशी पातळीवर प्रश्न आणखी साधे आहेत. आमच्याकडे बायकांना प्रौढ पुरुषांच्या पाठोपाठ एका मिनिटाने सोडतात. त्यांनी तुडवलेला चिखल आमच्या वाट्याला येतो. आयोजक म्हणतात, बायका कमी येतात, त्यांना वेगळी वेळ कशी द्यायची? पण त्या का येत नाहीत? रविवारची सकाळ आहे, मुलं घरी आहेत, स्वयंपाक आहे. पुष्कळ बायका मैदानावर येतात, पण नवऱ्याचा कोट हातात धरून उभ्या राहायला. कपडे बदलायला आडोसा नाही, संडास अर्धा मैल लांब. आणि घरी गेल्यावर चिखलाचे कपडे धुणार कोण, हा प्रश्न साता समुद्रापलीकडेही सुटलेला नाही!

आम्ही चौघींनी दोन गोष्टी केल्या. पाळीपाळीने एक जण शर्यत सोडून चौघींची मुलं सांभाळते. त्यामुळे तिघींना तरी दर रविवारी भाग घेता येतो. दुसरं, आम्ही सह्या गोळा करून आयोजकांना पत्र दिलं. पुढच्या हंगामात मैदानाजवळ संडास आला, कपडे बदलायला तंबू आला. वेगळी सुरुवात अजून मिळालेली नाही. मागणी चालू आहे.

हौशी शर्यतीतला एक नियम मला फार आवडतो. पहिला क्रमांक अंतिम रेषेवर पोचला, की बाकीच्यांनी आपला चालू फेरा पूर्ण करायचा आणि थांबायचं. एक-दोन फेरे मागे पडलेल्या बाईचाही क्रमांक लागतो, तिचं नाव निकालात छापलं जातं. मी बहुधा शेवटच्या पाचांत असते, पण असते. जिंकणाऱ्यांच्या मैदानावर न जिंकणाऱ्या बाईचाही हक्क आहे, एवढं मला त्या कागदावरून कळतं.

तुम्ही सगळ्यांनी सायक्लोक्रॉस करावं असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या वस्तीत, गावात, कारखान्यात स्पर्धा ठरतील, तेव्हा संघटनेने चार प्रश्न जरूर विचारावेत. बायकांची स्पर्धा आहे का? अंतर आणि बक्षीस बरोबरीचं आहे का? संडासाची आणि कपडे बदलायची सोय काय? आणि त्या दोन तासांत मुलं कोण सांभाळणार? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या तिन्हींचा उपयोग होत नाही, हा आमचा अनुभव आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करा.