पाळ कोणाची, पाणी कोणाचे?

(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तलाव बांधणारा माणूस देवपदाला पोहोचल्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानतात. सभोवारच्या डोंगरांना तेथे सात बहिणी म्हणतात. त्यांनी कोलूला हातभार लावला, अशी लोकांची श्रद्धा. कोलासूर देव म्हणून पुजला जातो तो हाच कोलू.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे सहा हजारांवर लहानमोठे तलाव आहेत. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम आणि खाली धानाची शेती. पूर्वी ते मालगुजारांच्या खासगी मालकीचे होते. मालगुजार काही संत नव्हता! पण धान पिकले तरच त्याच्या पदरात सारा पडे, म्हणून तो पाळीवर नजर ठेवी आणि उन्हाळ्यात गावकऱ्यांकडून गाळ काढवून घेई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. परंतु गाळ काढणारे हात घरी बसले व पुष्कळ तलाव उथळ होत गेले.

इतक्या दूरची गोष्ट काढण्याचे कारण आपल्या परभणी जिल्ह्यातच आहे. येलदरीच्या धरणाला इंजिनिअर आहेत. शेतातल्या नाल्यावर आजोबांनी स्वखर्चाने घातलेल्या मातीच्या बांधाला कोण आहे? नातवांत जमीन वाटली जाते, फेरफार होतो, सातबारे निराळे होतात. बांध मात्र एकच राहतो, आणि त्याची डागडुजी हा भाऊ त्या भावावर ढकलतो. पाणी तर खालच्या शेजाऱ्यांच्या विहिरींनाही पाझरते. तेही वाट पाहत बसतात.

आपली काळी माती पाणी धरते, पण उन्हात भेगाळते. म्हणून पोटात काळी माती आणि वरून मुरूम, अशी रीत. उंदीर-घुशींची बिळे, बाभळीची मुळे आणि तुंबलेला सांडवा, यांनी बांध जातो. पाणी एकदा माथ्यावरून वाहू लागले की मातीचा बांध फुटायला वेळ लागत नाही, आणि मग खालचे शेतही खरडून निघते.

मंदिरासाठी ज्यांनी पावती फाडली, त्यांतील कित्येकांच्या विहिरी अशाच बांधांच्या खाली आहेत. मृगापूर्वी सांडव्याचे तोंड मोकळे करणे, बिळे बुजवणे व बाभळीची रोपे उपटणे, हे चार-सहा माणसांचे दोन दिवसांचे काम आहे.