गाढीकाठची दोन दिवसांची सहल

श्रोतेहो, शनिवार-रविवार जवळ आला की मुंबई-पनवेलकडच्या माणसाचे पाय घरात ठरत नाहीत. कुठेतरी पाण्याकाठी जावे, झाडाखाली सतरंजी पसरावी, मुलांना मोकळे सोडावे, असे वाटू लागते. वाटणे गैर नाही. पण सहल म्हणजे नुसते निघणे नव्हे. ती आधी घरी बसून करायची असते, मग बाहेर. ही आखणी कशी करावी, ते आपण नेऱ्याच्या परिसरापुरते पाहू.

नेरे हे पनवेल तालुक्यातले गाव. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते, देहरंगच्या धरणात विसावते आणि नेऱ्याच्या बाजूने पनवेलला जाऊन पुढे खाडीला मिळते. या धरणाला लोक गाढेश्वर असेही म्हणतात. एका अंगाला माथेरान, दुसऱ्या अंगाला प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका. डोंगराच्या कुशीत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभे राहिलेले शांतिवनही नेऱ्याचेच.

आता पहिला प्रश्न : जायचे केव्हा? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "पावसाळ्यात!" डोंगर हिरवे, धबधबे वाहते, मग दुसरे काय पाहिजे? पण नदीचा स्वभाव ध्यानात घ्या. गाढीचा उगम जवळ आणि उतार मोठा. माथेरानवर जोराची सर कोसळली की ते पाणी खाली यायला वेळ लागत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असते, आणि गुडघ्याएवढे पाणी पाहता पाहता छातीला लागते. खडक शेवाळलेले, पाणी गढूळ. खाली खड्डा आहे की दगड, कळत नाही. पोहणाराही तिथे फसतो. गाढेश्वराच्या परिसरात असे कितीतरी तरुण जीव गेले आहेत. म्हणूनच अलीकडे पावसाळ्यात तिथे बंदीहुकूम निघतात. तो हुकूम मोडून गेलेला माणूस बुडतो, तेव्हा त्याला शोधायला पाण्यात उतरतो तो बहुधा तिथलाच गावकरी. त्यालाही घरी बायकापोरे असतात, हे आपण विसरतो.

मुक्कामाचेही तसेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची वाडी दरडीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना जिथे डोंगराचा अंदाज आला नाही, तिथे आपण एका रात्रीचे पाहुणे काय ओळखणार? भर पावसात कड्याखाली किंवा ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये. पाऊस पाहायचाच असेल तर बंदी नसेल तिथवर, रस्त्याकडेने पाहावा आणि दिवस असता परत फिरावे.

मी म्हणेन, हिवाळ्यात जा. भातकापणी झालेली असते, हवेत गारवा येतो, नदी निवळते. तरी डोहात शिरण्यापूर्वी गावच्या माणसाला विचारा. "दादा, इथे पाणी किती?" एवढे विचारण्यात कमीपणा नाही.

पहिला दिवस नदीकाठाला द्यावा. दुसऱ्या दिवशी, पायांत बळ असेल तर पहाटे उठून प्रबळगडाची वाट धरावी. कलावंतिणीच्या पायऱ्या खडकात खोदलेल्या, उंच आणि उघड्या आहेत. लहान मुले आणि ज्यांना घेरी येते अशा मंडळींनी खालूनच दर्शन घ्यावे. प्रत्येकाने सुळका चढलाच पाहिजे, असा काही नियम नाही!

आणि जेवण? भातानंतर याच शेतांत वाल होतो. शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. हवी तर अंडी, बटाटे, कोंबडीचे तुकडे. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडाशी पाला कोंबून मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासात शेंगा शिजतात. शेंगा त्याच गावातून, योग्य दाम देऊन घ्याव्यात. शेताच्या मालकाला विचारल्याशिवाय जाळ करू नये. सुकलेल्या गवताला ठिणगी पुरते. निघताना निखारे पाणी ओतून विझवावेत.

आणखी एक. देहरंगचे पाणी पनवेलकर पितात. त्या पाण्यात भांडी घासणे, गाडी धुणे, बाटल्या भिरकावणे म्हणजे दुसऱ्याच्या माठात हात बुडवणे. एक रिकामी पिशवी न्या आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत आणा. शांतिवन पाहायचे असेल तर आधी विचारून जा. ते माणसांचे घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

निघण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून घरी ठेवा : कुठे जाणार, कोण कोण जाणार, मुक्काम कुठे, परत केव्हा. एस. टी. ने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पोहोचल्याबरोबर विचारून घ्या. बॅटरी, दोर, पट्टीचे सामान, पिण्याचे पाणी बरोबर असू द्या. डोंगराच्या कडेला मोबाईल लागेलच, या भरवशावर राहू नका. आणि ढग दाटून आले, तर बेत मोडायला कचरू नका. डोंगर तिथेच राहणार आहेत. पुढच्या शनिवारीही जाता येईल.