चालत्या बिऱ्हाडाचा मुक्काम

उन्हाळ्यात मोटारीतच बिऱ्हाड थाटून बाहेर पडावयाचे ठरले, की के. आर. पुरममधील कुटुंबाच्या मुखी प्रथम उटीचे नाव येते. बंगळूरची उंची सुमारे ९०० मीटर, उटीची २,२४०. हजार मीटरांस साडेसहा अंश या हिशेबाने तेथील हवा आठ-नऊ अंशांनी शीतल.

परंतु के. आर. पुरम शहराच्या पूर्वेस आणि उटीची वाट नैर्ऋत्येस. आधी सारे शहर ओलांडावयाचे. पुढे बंदीपूरचे अरण्य, जेथे २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद. त्यानंतर कल्हट्टी घाटाची छत्तीस वळणे.

उलट, जवळूनच जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्याने होसकोटे आणि तेथून चिंतामणी, मदनपल्ली या वाटेने हॉर्सली टेकड्या गाठता येतात. उंची सुमारे १,२६५ मीटर. गारवा दोन-तीन अंशांचाच.

धडधाकट मंडळींनी खुशाल उटी निवडावी. सोबत वृद्ध आजी किंवा तान्हे मूल असेल, तर त्यांना जी वाट सोसवेल तिच्यावरचाच मुक्काम ठरवावा. पाण्याची टाकी मात्र घरूनच भरून न्यावी; उन्हाळ्यात टेकडीवरच्या गावाला स्वतःचेच पाणी पुरवून वापरावे लागते.